खिडकीची जागा

तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे साठी उलटलेलं एक जोडपं उभं होतं.

"अहो, शनिवारी जायचं आणि रविवारी परत. तिथे म्हणे सगळं पायी फिरता येतं. आधी काय बघायचं?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? जन्मभर त्याच शहराची बस चालवलीत ना!"

"चालवली. बरं, विचार."

"स्टँडवरून निघालं की काय लागतं?"

"सिग्नल."

"त्याच्यापुढे?"

"पूल. अरुंद आहे. समोरून ट्रक आला की थांबावं लागतं."

"आणि पुलाखाली?"

"नदी असेल."

"असेल म्हणजे?"

"अगं, मागे गाडीभर माणसं बसलेली. स्टिअरिंग सोडून खाली वाकून बघू?"

"चौकात जुना मनोरा आहे म्हणतात."

"तिथलं डावं वळण वाईट आहे. गाडीचं मागचं अंग घासतं."

"कशाला घासतं?"

"दगडी काहीतरी आहे. तोच असेल तुझा मनोरा."

"कमाल आहे बाई! आणि मुक्कामाला असायचात तेव्हा?"

"डेपोत झोपायचो. पहाटेची गाडी असायची."

"मी शेजारणीला सांगून बसले, आमच्या ह्यांना ते शहर तोंडपाठ आहे."

"रस्ता तोंडपाठ आहे गं."

त्यांचा नंबर आला. खिडकीमागचा कारकून म्हणाला, "शेजारशेजारच्या दोन जागा आहेत. खिडकी कुणाला देऊ?"

"हिला द्या."

"नाही, ह्यांना द्या."

"अगं, तुला आवडते ना खिडकी?"

"बसा हो तुम्ही. यावेळी गाडी दुसरं कुणीतरी चालवणार आहे."