शिडीचा निरोप कुणी ऐकला?

एक शब्द! धनंजयराव, आत्ता इथं उभं राहून तुम्ही हेच बोललात न्हवं? "अण्णांनी मला एका शब्दानं कळवलं असतं, तर त्याच दिवशी माणूस पाठवला असता." सगळ्यांनी माना हलवल्या. अण्णांच्या बायकोनं, आमच्या वैनींनी, मान खाली घातली. एक शब्द म्हणे! तीन निरोप गेलेत तुम्हाला त्या शिडीचे. तीन. आणि तिन्ही वेळा फोनवरचं बटण मी दाबून धरलं होतं.

अध्यक्ष, माईक घेऊ नका. यादीत माझं नाव नाही, मला माहीत आहे. झाडूवालीचं नाव कोण घालतंय यादीत! पण बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

मंडळी, तुम्ही अण्णांच्या शोकसभेला तालमीच्या या हॉलमध्ये एवढी माणसं आलात. बावड्यातली आलात, कळंब्यातली आलात, कोडोलीहून अण्णांची भावकी आली. सगळ्यांना हात जोडते. बेंगळुरूचे साहेब फोनवरनं बघताहेत, त्यांनाही. अहो, तो फोन नीट उभा धरा कुणीतरी, साहेबांना नुसता पंखा दिसतोय.

मला भाषण येत नाही. चौथीत शाळा सुटली. अण्णांना जाऊन आठ दिवस झाले. पण रडायला मी इथं आले नाही. रडणं घरी झालंय.

मी सुशीला. बावड्यात धनंजयरावांची तीन मजली इमारत आहे, भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत, तिथला जिना आणि पॅसेज मी झाडते. अण्णा ती इमारत बघायचे. ती एकच नव्हे, कळंब्याचा बंगला, आणखी चार घरं. मालक कुणी पुण्याला, कुणी बेंगळुरूला, कुणी दुबईला. घरं इथं आणि किल्ल्या अण्णांच्या कमरेला. भाडेकरू आला-गेला, नळ गळला, भिंतीला ओल आली, सगळं बघायचं आणि मालकाला कळवायचं, हे त्यांचं काम.

आणि कळवायचं म्हणजे कसं? अण्णांना लिहायला जमायचं नाही, डोळ्यात मोतीबिंदू. मग मी फोन धरायची, बटण दाबायची, आणि अण्णा बोलायचे. आधी टोपी घालायचे. टोपीशिवाय कधी बोलले नाहीत.

मी म्हणायची, "अण्णा, त्यांना दिसत न्हाय हो टोपी."

"न्हाय दिसंना. मालकासंगं बोलतोय न्हवं मी?"

मग घसा साफ करून सुरू. "नमस्कार मालक. मी महादेव बोलतोय." आणि शेवटी, पत्रात लिहितात तसं, "कळावे." दर वेळी. मला हसू यायचं. हसले की दटावायचे, "गप गं, आवाज जातोय त्यात."

कळंब्याच्या बाई, तुम्ही पहिल्या ओळीत बसलाय म्हणून सांगते. तुमच्या मागच्या भिंतीला ओल आली तेव्हा अण्णांनी तुम्हाला सांगितलं होतं, भाडेकरूची मुलगी दहावीला आहे, परीक्षा होईपर्यंत भिंत फोडायला नको, तोवर मी बाहेरनं प्लास्टिक मारून ठेवतो. ऐकलं होतं का तुम्ही? बघू नका माझ्याकडं अशा. तुम्हाला माहीतच नाही की तुमच्या भिंतीला कधी ओल आली होती.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू आला, त्यानं गॅलरीच्या कठड्यावर कुंड्या मांडल्या. अण्णा खालनं ओरडले, "ओ पावणं, खाली बारकी पोरं खेळत्यात, कुंडी डोक्यात घालताय व्हय कुणाच्या?" त्यानं कुंड्या काढल्या. तरी त्याचा निरोप मालकाला गेलाच. मी म्हटलं, "आता मिटलं की अण्णा, कशाला सांगायचं?" तर म्हणाले, "त्यांना घर दिसत न्हाय, सुशीला. मी बघतोय ते त्यांच्या कानावर घालायला नको?" एकदा त्यांच्याच हातनं जिन्यातली काच फुटली. तेही सांगितलं. कुणी बघितलं नव्हतं, तरी सांगितलं.

आणि समोरनं काय यायचं? अंगठा. पिवळा अंगठा. कधी जोडलेले हात.

अण्णा विचारायचे, "काय आलं गं?"

"अंगठा आलाय."

"बघ. एवढ्या गडबडीतबी ऐकलं माणसानं." खूश व्हायचे. वैनींना जाऊन सांगायचे. वैनी, सांगायचे का नाही?

आता शिडीचं ऐका.

आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. वर चढायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी. गणपती झाल्यावर अण्णांनी बघितलं, वरचा हूक भिंतीतनं सुटलाय. पहिला निरोप गेला. तुम्ही म्हणाल, मग वेल्डर बोलवायचा की, गल्लीगल्लीत आहेत! का नाही बोलवला? ते पण सांगते. दोन वर्षांमागं एका भाडेकरूचा नळ तुटला, पाणी वाहून चाललं होतं. अण्णांनी प्लंबर आणला आणि नळ बसवला. त्यावर धनंजयराव पुण्याहून आले आणि भाडेकरूंच्या समोर बोलले, "मला विचारल्याशिवाय या घरात खिळासुद्धा ठोकायचा नाही. माणूस मी पाठवीन." सत्तरीचा माणूस तो, मुलाच्या वयाच्या माणसापुढं मान खाली घालून उभा राहिला. तेव्हापासनं अण्णा आधी कळवायचे, मग वाट बघायचे. हा तुमचा नियम, धनंजयराव. अण्णांनी तो पाळला.

शिडी हलायला लागली. दुसरा निरोप. "मालक, मी चढायचं बंद केलंय. एकतर माणूस पाठवा, न्हायतर मला आणू द्या." अंगठा आला. आता त्याचा अर्थ काय लावायचा? पाठवतो का आणा? अण्णा म्हणाले, "पाठवत असतील." आठ दिवस वर चढले नाहीत. खालनं मोटर चालू-बंद करून पाणी भागवलं.

मग कोडोलीला मेव्हण्याच्या घरी दोन दिवस जायचं होतं. पिशवी भरून दारात उभे, आणि तिथंही टोपी घालून तिसरा निरोप. "मालक, मी दोन दिस कोडोलीला चाललोय. माणूस आला तर गच्चीची किल्ली सुशीलाकडं हाय. शिडीचं तेवढं बघा. कळावे." लगेच अंगठा. एस्टी गाठायच्या आत अंगठा आला होता. अण्णा म्हणाले, "झालं काम."

दुसऱ्या दिवशी माणूस आला. धनंजयरावांनी पाठवला म्हणाला. मी किल्ली दिली. गच्चीवर खुडबूड केली, दुपारी खाली आला, हाताला चंदेरी रंग. किल्ली देऊन गेला.

तो रंगारी होता. गच्चीचा कठडा रंगवायला पाठवला होता, नवीन भाडेकरू बघायला यायचे होते म्हणून. रंग उरला, तो शिडीला फासला.

मी वर जाऊन बघितलं नाही. त्याला विचारलं पण नाही, बाबा, तू काय केलंस. मला जिना झाडायचा होता.

अण्णा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतला पाणी अडवणारा बॉल अडकला, मोटर बंद होती तरी सकाळच्या नळाच्या दाबानं पाणी धो धो खाली, भाडेकरूंचा आरडाओरडा. अण्णा गच्चीत शिडीपाशी उभे राहिले, वर बघत. शिडी चांदीसारखी लखलखत होती. मला विचारलं, "सुशीला, माणूस येऊन गेला व्हय गं?"

मी म्हटलं, "गेला की परवाच. रंगबी दिलाय बघा. चढा आता, किती वेळ लावताय! खाली माझा पॅसेज भिजतोय."

हे मी बोलले. मीच. अण्णांच्या कानावर शेवटचं गेलं ते माझं हे बोलणं.

चौथ्या पायरीवर शिडी भिंत सोडून आली. अख्खी. पुढचं मी सांगणार नाही, वैनी बसल्या आहेत.

वैनी, तुमच्या पाया पडून मी हे घरी सांगितलंय, आज चारचौघांत सांगते. माझं चुकलं. पोलिसांनाही मी सांगितलं, रंगाऱ्याला किल्ली दिली मी, चढा म्हटलं मी. त्यांनी लिहून घेतलं. माझा अंगठा... सही येते मला, सही केली मी.

आणि तुम्ही काय लिहून दिलंत धनंजयराव? "शिडीबाबत मला काहीही कळवलेलं नव्हतं. ते स्वतःच्या निष्काळजीपणानं चढले." निष्काळजी! काच फुटली तर स्वतःहून सांगणारा माणूस निष्काळजी? हा शब्द वाचून दाखवला तेव्हा वैनी मला म्हणाल्या, "खरंच सांगितलं न्हवतं काय गं ह्यांनी?" पन्नास वर्षं संसार केला त्या बाईनं, आणि तुमच्या एका कागदानं तिच्या मनात नवऱ्याबद्दल शंका घातली.

म्हणून मी अण्णांचा फोन उघडला. बाहेर लावलेल्या बोर्डासाठी फोटो शोधायला वैनींनी तो माझ्याकडं दिलाच होता. निरोप दाखवायला गेले आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "मावशी, समोरच्यानं ऐकलं की हे माईकचं चित्र निळं होतं. हे राखाडीच आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे ऐकलंच नाही त्यांनी. नुसता अंगठा दाबलाय."

आम्ही मागं मागं गेलो. एक राखाडी, दोन राखाडी, सगळे राखाडी. शिडीचे तिन्ही. कुंड्यांचा, फुटलेल्या काचेचा. कळंब्याच्या बाई, तुमच्या भिंतीचा. बेंगळुरूचे साहेब, तुम्हाला पाठवलेल्या तर दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा. अख्खं वर्ष तो म्हातारा टोपी घालून कुणाशी बोलत होता हो?

ऐकायचं नव्हतं तर नका ऐकू. पण मग अंगठा कशाला? काही आलं नसतं तर अण्णांनी फोन केला असता, परत केला असता, पुण्याला येऊन दारात उभे राहिले असते. असा चिवट माणूस होता. तुमच्या अंगठ्यानं त्यांना गप्प केलं. ऐकलंय म्हणून सांगितलंत तुम्ही. मी फसले, ते पण फसले. मी निदान खोटं बोलले नाही, मला माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं की आपण ऐकलेलं नाही.

आणि काल मला तुमचा फोन. "मावशी, नवीन माणूस मिळेपर्यंत टाकीचं तुम्हीच बघा." शिडी? ती तारेनं बांधून ठेवलीय. मी म्हटलं, शिडीचं काय करायचं? तर म्हणे, "मेसेज टाकून ठेवा."

मंडळी, आता रिवाजाप्रमाणं दोन मिनिटं गप्प उभं राहायचं आहे. राहू. पण गप्प बसणं या मालकांनी वर्षभर केलंय, म्हणून त्याआधी एक गोष्ट. धनंजयराव, तुमचा फोन काढा. अण्णांचा शेवटचा निरोप लावा. माझ्याकडं लावून उपयोग नाही, मी तो समोर उभं राहून ऐकलाय. तुमच्या फोनवर लावा. अर्ध्या मिनिटाचा पण नाही.

काढलात. बरं.

लावा की.

खिशात परत घातलात? ठीक आहे. बघितलंत सगळ्यांनी.

मग उभे राहा मंडळी. अण्णांसाठी उभे राहा. ज्यानं दुसऱ्याच्या घरावर आपल्या घरासारखी नजर ठेवली आणि बघितलेलं एक अक्षर लपवलं नाही, त्याच्यासाठी. टोप्या असतील त्या डोक्यावर राहू द्या, काढू नका. अण्णांना तेच बरं वाटेल.

आणि धनंजयराव, आज रविवार. गुरुवारी संध्याकाळी दिवे लागेपर्यंत मी वाट बघते. तोपर्यंत तिन्ही निरोप ऐका, पोलिसांत जाऊन तो निष्काळजीचा कागद बदला, आणि वैनींच्या दारात येऊन सांगा, "वैनी, अण्णांनी कळवलं होतं. मी ऐकलं नाही." एवढंच. फोन माझ्याजवळ आहे, चार्ज करून ठेवलाय. माईक निळा झाला का नाही, मी रोज बघणार. गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे मला. तोंडानं. अंगठा पाठवू नका.