खिंडीतला वाटा

ऐका. ए कोपऱ्यातल्या, तो मोबाईल आधी खाली ठेव. रात्रीची गाडी उडवायची लई हौस हाय ना तुम्हांला? मग कान इकडं द्या.

आपल्या वाडीवरचा रवळू गावडे. फटफटी चालवावी तर त्यानंच! त्या रात्री त्याची बायको चंद्रा दवाखान्यात होती. पोर झालं, पण रक्त थांबंना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शहरातनं रक्ताची पिशवी आणा. उजाडायची वाट बघू नका."

गेला गडी. पिशवी घेतली, बर्फाच्या डब्यात घातली, डबा टॉवेलनं छातीशी आवळला. निघताना गाववाला एक चहावाला भेटला. म्हणाला, "रवळू, खिंडीतनं जाऊ नगंस. लांबच्या रस्त्यानं जा."

का म्हणाला? तर आपल्याकडची चाल अशी, की जत्रेचं मटण घेऊन खिंडीतनं येणाऱ्यानं एक तुकडा खाली टाकायचा. तो खिंडीतल्याचा वाटा. टाकायचा आन् मागं न बघता सुटायचं. पण ह्याच्याकडं मटण कुठलं? ह्याच्याकडं बायकोचं रक्त!

"लांबनं गेलो तर चंद्रा हाती लागायची न्हाई," म्हणाला आन् मारली किक.

खरं सांगू? तशातबी त्याला मजा वाटली. मोकळा रस्ता, करवंदाच्या जाळ्यांचा वास, गार वारं शर्टात शिरतंय, चढाला इंजिन एका सुरात गातंय. मग लाज वाटली. बायको तिकडं मरणाच्या दारात आन् मी हितं मजा मारतोय! स्वतःलाच एक शिवी हासडली आन् मूठ पिळली.

खिंडीच्या तोंडाला एक म्हातारा. डोक्यावर घोंगडं, हात पुढं केलेला. आता आपल्याकडं रात्रीचं वाटेवरचं म्हातारं माणूस सोडून कोण पुढं जातंय का? हितंच चुकला! पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"बसा मामा. पण घाई हाय."

म्हातारा बसला. गाडी हललीसुद्धा न्हाई. अरे, करडू बसवलं तरी गाडी दबते की! हे काहीच न्हाई.

थोडं पुढं गेला, तर मागचं चाक चिखलात रुतल्यागत. चिखल न्हाई, पाणी न्हाई! पहिल्या गेअरवरबी चढंना. लाईट पिवळी झाली, मग विझत्या विडीएवढी राहिली. आन् कानाशी आवाज.

"माझा वाटा?"

रवळूनं मूठ आणखी पिळली. बगलेखालनं गार हात आला, डबा चाचपायला लागला. मग आवाज फिरला. चंद्राचा आवाज!

"अवो, द्या की त्याला. मी कवाच गेले. आता कुणासाठी धावताय?"

काळीज फाटलं रे त्याचं. मूठ ढिली पडली. पण गडी हट्टाचा. म्हणाला, "गेली असंल तर तिथं जाऊन बघीन. तुझ्या तोंडनं ऐकणार न्हाई. डब्याला हात लावायचा न्हाई. वाटाच पायजे ना? हा माझा खांदा हाय, घे. पर गाडी थांबणार न्हाई!"

मागं कुणी हसलं. आन् खांद्यात दात शिरले. रवळू बोंबलला, पण मूठ सोडली न्हाई. हातपाय गार पडले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी गाडी चाललीय... चाललीय... गावाची शीव लागली आन् मागचा भार सुटला. गाडी अशी उसळली की पडता पडता वाचला.

डबा डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आन् तिथंच भुईवर बसला, पांढराफटक. चंद्रा वाचली. देवाची कृपा.

तुम्ही म्हणाल, वाचली ना, मग झालं. कुठलं झालं! त्या रातीपासनं खिंडीत टाकलेला तुकडा सकाळी तसाच पडलेला दिसतो. त्याला मुंगीबी लागत न्हाई. खिंडीतल्याला आता माणसाची चव कळलीय रे! रवळूला मी बोल लावत न्हाई. त्याच्या जागी मीबी तेच केलं असतं. पण तुम्ही गाडी पळवायची तर लांबच्या रस्त्यानं पळवा. खिंडीतला आता हात दाखवून थांबवत न्हाई, वाटाबी मागत न्हाई. सरळ मागं बसतो.