मुक्कामापुरती सपाट जागा

हर्षाली : इथं गाडी लावायला काय वाईट आहे?

सुदर्शन : उतार आहे. वाटीतलं वरण बघ, एका बाजूला चाललंय.

हर्षाली : बोटभर उतार आहे. सकाळी धरणाच्या काठी डीजे होता, नारायणगावात टोमॅटोचे क्रेट आदळत होते. बरं, आणे गावचं पठार तर सपाट होतं.

सुदर्शन : वारा होता. गाडी डुलत होती.

हर्षाली : खोडदला वाराही नव्हता.

सुदर्शन : तिथं त्या रेडिओ दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या आकाशाकडे कान लावून बसलेल्या. त्यांच्यासमोर मला घोरायला संकोच वाटतो.

हर्षाली : सोमवारी फ्लॅटच्या साठेखतावर माझी सही हवीय ना तुला? ठरलंय काय आपलं? या गाडीत मला एक रात्र शांत झोप लागली, तर फ्लॅट विकायचा आणि गाडीतच राहायचं. नाही लागली, तर फ्लॅट राहील आणि गाडी विकायची. आज शनिवार आहे.

सुदर्शन : म्हणूनच तर चांगली जागा शोधतोय.

हर्षाली : तू जागा नाही शोधत, जागेतला दोष शोधतोस. फ्लॅटमध्ये दर महिन्याला सोफा हलवायचास. आता घरच हलवतोयस.

गेणभाऊ : ओ पावणं! कुणी आजारी हाय का गाडीत?

सुदर्शन : नाही हो. आम्ही दोघंच. या गाडीतच राहतो आम्ही, फिरत.

गेणभाऊ : पडदं बघून मला वाटलं ॲम्ब्युलन्स. मी गेणभाऊ. तुमी उभं हाय ते माझंच खळं.

सुदर्शन : आजची रात्र गाडी इथं लावली तर चालेल?

गेणभाऊ : लावा की बिनघोर. अन् तुमी चला घरात.

सुदर्शन : नाही, आम्ही गाडीतच झोपणार. आत पलंग आहे, शेगडी आहे, बेसिन आहे.

गेणभाऊ : असंल. पर दारातला पावणा खळ्यात झोपला, तर सकाळी डेरीवर मी कोणत्या तोंडानं जाऊ? लोक म्हणतील, गेणभाऊनं माणसं बिबट्यापुढं ठेवली अन् आपण कडी लावून घेतली.

हर्षाली : बिबट्यापुढं?

गेणभाऊ : काय न्हाई करत, ताई. त्यो आपला उसात असतो. रोजचाच हाय.

सुदर्शन : आपण जरा पुढे बघूया.

हर्षाली : तू बघ पुढे. मी घरात चालले.

सुदर्शन : हर्षाली, घरात झोपलीस तर ती रात्र धरली जाणार नाही!

गेणभाऊ : कशात धरायची, ताई?

हर्षाली : काही नाही, भाऊ. आमचं घरगुती आहे.

गेणभाऊ : मग घरातच बसून बोला की.

(तासाभरानं, गेणभाऊच्या ओट्यावर.)

गेणभाऊ : ताई, आमची कारभारीण, सोनीबाई, कुठं दिसली का? चहा ठेवायचा व्हता.

हर्षाली : गाडी बघायची म्हणाल्या, म्हणून मीच घेऊन गेले. पलंगावर जरा टेका म्हटलं. तर त्यांनी विचारलं, दार आतून लागतं का?

सुदर्शन : लागतं तर! उत्तम लॉक आहे.

हर्षाली : हो, लावून दाखवलं त्यांनी. मला बाहेर काढून.

गेणभाऊ : थांबा, बघून येतो... आवं, कमाल झाली! काच वाजवून इचारलं, साखर कुठंय? तर आतून म्हणती, मी गावाला गेलीया.

हर्षाली : मग गेल्याच असतील.

गेणभाऊ : म्हायेरी गेली तरी आमी फोन करतो की. विळा कुठंय, पोराचा दाखला कुठंय. आज फोन बी चुलीपाशी ठेवून गेलीया. जाऊन जाऊन गेली कुठं, तर आपल्याच खळ्यात!

सुदर्शन : पण तिथं उतार आहे.

गेणभाऊ : उताराचं काय बोलली न्हाई. आता तर घोरती.

सुदर्शन : घोरतायत?

गेणभाऊ : लग्नापासनं पयल्यांदा ऐकलं. रोज मी झोपल्यावर झोपती, अन् उठायच्या आधी उठती.

सुदर्शन : हर्षाली, मग सोमवारचं काय?

हर्षाली : सही नाही करणार मी. आतून लावता येणारं माझ्या घराचं दार मला हवंय, अजून खूप वर्षं. पण गाडीही विकू नकोस. मधूनमधून इथं आणून लावत जाऊ.

सुदर्शन : आणि आपण कुठं झोपायचं?

गेणभाऊ : आतल्या खोलीत गाद्या टाकल्यात. जिमीन लई सपाट हाय. पर पावणं, सकाळी लवकर निघायची घाई न्हाई ना?

सुदर्शन : उजाडताच निघायचं होतं. पुढे एक जागा आहे, तिथं म्हणे... नाही. घाई नाही.

गेणभाऊ : मग जरा हळू बोला.