उलट्या सीटवरचे सासरे

हसा, माझ्या गाडीला खुशाल हसा. पण त्या दिवशी सासू-सासऱ्यांना फ्रँकफर्टच्या विमानतळावर कोणी पोचवलं, ते आधी ऐका.

कायझर्सलाउटर्नच्या अमेरिकन लष्करी तळावरचा एक फौजी मायदेशी परतताना ही जुनी स्टेशन वॅगन मला विकून गेला. आठ माणसं ऐसपैस बसतात, आणि शेवटची सीट चक्क उलटी, मागच्या रस्त्याकडे तोंड करून. सासऱ्यांनी ती पहिल्याच दिवशी पटकावली.

निघायच्या दिवशी माझा मित्र सौरभ नवी कोरी जर्मन गाडी घेऊन हजर. म्हणाला, "तुझा हा रणगाडा वाटेत बसला, तर काका-काकूंचं विमान चुकेल. मी गाडी घेऊन मागोमाग येतो."

सासूबाईंनी आमच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडून आम्ही निघालो. आउटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, माझी नजर इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावरून हलेना. तेवढ्यात सासरे ओरडले, "जावईबापू, थांबा! गाडी बंद पडली!"

"अहो बाबा, चालतेय की!"

"आपली नाही हो, सौरभची! बॉनेटमधून धूर येतोय!"

शेवटी त्याची गाडी टोइंगवाल्यांच्या हवाली केली आणि त्याला सासऱ्यांशेजारी, उलट्या सीटवर बसवलं. विमान गाठायला अजून भरपूर वेळ होता. सासूबाईंनी मागे वळून त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

"सकाळी तुझ्याही चाकाखाली ठेवत होते रे मी. तूच म्हणालास ना, काकू, जर्मन गाडीला लिंबू लागत नाही?"