आईच्या फिल्ममधलं सासर

नायजेरियातल्या एनुगू शहरात, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात निवृत्त शिक्षिका ओबिआगेली बाई नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक तरुणी आणि तिचा थोरला भाऊ हळू आवाजात भांडत होते.

"दादा, आईच्या अंत्यविधीच्या फिल्ममध्ये सगळ्या जावयांकडची माणसं नाचत अंगणात येतात. माझ्याच सासरचे तेवढे नाहीत."

"न्किरू, फिल्म लांबत होती. घरचा कॉम्प्युटर सारखा अडकायचा."

"म्हणून माझं सासर कापलंस? रिवाजाप्रमाणे गाय घेऊन, ढोल वाजवत आले होते ते. आता सासूबाई विचारतात, आम्ही आलोच नव्हतो का?"

"डिस्कवर जागा व्हावी म्हणून मूळ चित्रण पुसलं, चुकलंच माझं. ते परत मिळवायलाच आलोय ना इथे?"

आतून दुरुस्तीवाला आला.

"इकेमभाऊ, चित्रण गेलं. त्याच डिस्कवर तुम्ही नंतर कुणाच्या तरी लग्नाचं चित्रण भरलंत."

ओबिआगेली बाईंचा नंबर पुकारला गेला, पण त्या उठल्या नाहीत.

"आवाज आहे," इकेम म्हणाला. "तो मी वेगळ्या यंत्रावर घेतला होता. तुझ्या सासरच्यांचे ढोल, त्यांच्या गावाचं नाव पुकारलेलं, सगळं आहे."

"नुसत्या आवाजाचं काय लोणचं घालू?"

"त्यावर आईचा एखादा फोटो लावतो."

"कुठला?"

"दारात उभी आहे, तो."



"लाव. पण ढोल वाजताहेत तोवर तो हलवू नकोस. सासूबाईंना सांगेन, तुम्हाला घ्यायला आई स्वतः दारात आली होती."