मोठ्या माणसाला हिम

मी खरं सांगत होते आणि घरात कुणाला पटेना. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघं परदेशात, क्लोनडॉकिनला लेकीकडे अडकलेलो. नात इराला इंग्रजीच्या गृहपाठात ‘ही’ की ‘हिम’ ते निवडायचं होतं. आमच्या ह्यांनी शिकवलं, “लहानाला ही, मोठ्या माणसाला आदरानं हिम.” सगळं चुकलं आणि लेक माझ्यावर घसरली. “आई, तू चौथी शिकलेली. उद्यापासून इराच्या अभ्यासाला बसायचं नाही.”

नातीजवळ बसायचं नाही, तर त्या बंद घरात मी नुसत्या येरझारा घालायच्या?

“अगं, तुझ्या बाबांनी सांगितलं.”

“बाबा बी.ए. आहेत.”

बी.ए. सोफ्यावर डोळे मिटून पडलेले. म्हटलं, “अहो, सांगा तिला.” तर घोरायलाच लागले. लग्नापासून उखाण्याबाहेर ज्यांचं नाव घेतलं नव्हतं, त्यांच्या कानाशी जाऊन मी ओरडले, “ऊठ, वसंता!”