सुई हलेपर्यंत

नाही, तुम्ही हात लावू नका, बॉनेट मी उघडतो – तो खटका उजवीकडं दाबून वर उचलावा लागतो, जोर केलात तर तुकडा हातात येईल. हां. बघा आता. आणि आधीच सांगतो, सुटे भाग पाहिजे असतील तर आत्ताच चालू लागा. मागं एक जण आला होता, गॉगल टाळक्यावर चढवून, म्हणे काका, टर्बो तेवढा काढून द्या, बाकीची भंगारात घाला. मी म्हटलं, तुझं मुंडकं इथं ठेव आणि बाकीचा घरी जा. गेला. शिव्या देत गेला, पण गेला. गाडी विकायची जाहिरात मी नाही दिलेली, बायकोनं दिली, भाचीच्या फोनवरून. आत आहे ती. शेडकडं फिरकत नाही. चहाची वाट बघू नका, कोणी आणणार नाही.

जपानहून बोटीनं आली ही. आली तेव्हा रंग उडालेला, एक दार निराळ्याच रंगाचं. पोरीनं मागवली. हो, पोरीनं – आत्ता तुम्ही बघितलंत ना माझ्याकडं, सगळे तसंच बघतात. माझी पोरगी. दिवसभर ऑफिसात आकडे जुळवायची आणि घरी आली की कपडे बदलून गाडीखाली, पुठ्ठ्यावर उताणी. हा पुढचा मोठा कूलर, इंजिनात जाणारी हवा गार करायचा, तिनं बसवला, त्यासाठी बंपर आतून कापला, पाइप वाकवून आणले, ते बसेनात म्हणून परत वाकवून आणले. मला काय कळतंय त्यातलं? मी आयुष्यभर गोदामात पोती उचलली. माझं काम टॉर्च धरायचं. ‘बाबा, तिथं नाही, इथं. बाबा, माझ्या डोळ्यांत नाही, नटावर.’ मग मीही चिडायचो – म्हणायचो, तुझ्या नटालाच सांग उजेडात यायला. त्या लाल रेघा दिसतात ना बोल्टांवर? नेलपॉलिश आहे ते. बोल्ट पुरता आवळला की त्याच्यावरून खाली पत्र्यापर्यंत एक रेघ ओढायची, म्हणजे ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. एकही तुटलेली नाही, वाकून बघा. स्वतःच्या नखाला मात्र कधी लावलं नाही. तिची आई म्हणायची, अगं बाटली आणलीच आहेस तर एका हाताला तरी लाव.

गाडीत नाही गेली ती. तुम्हाला विचारायचं होतं, तोंडावर दिसतंय – सगळ्यांनाच विचारायचं असतं आणि सगळे टायरकडं बघत बसतात. ऑफिसच्या जिन्यात चक्कर आली, डोक्यात रक्त सांडलं, आटपलं. गाडी बाहेर सावलीत उभी होती, नीट. क्रेनवाल्यानं आणून सोडली, मला चालवता येत नाही. नाही, रडलो बिडलो नाही मी. त्या दिवशी जेवलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी पण जेवलो. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. असेल.

पण गाडी खराब होऊ दिली नाही. दर रविवारी शेड उघडायची, आच्छादन काढायचं, पुसायची, चालू करायची. एक रविवार चुकवला नाही, ताप असला तरी – आता ते ऑइलचं झाकण कशाला फिरवताय? काय आहे? इकडं दाखवा. हे काय, साय? मी ऑइल घातलंय, दूध नाही घातलं. पाणी? पाणी कुठून जाईल आत, छप्पर गळत नाही माझं. थंड इंजिनात वाफेचं पाणी आतल्या आत धरतं? अस्सं. गरम झाली की उडून जातं. आणि झालीच नाही तर ऑइलमध्ये कालवलं जातं. दर वेळी थोडं थोडं.

दर रविवारी.

तापमानाची सुई हलायला लागली की मी बंद करायचो. शेजाऱ्यांची कटकट असते हो, आवाजाची. नाही – उगाच बोललो, शेजारी ठार बहिरा आहे. तुम्हाला माहीतच असेल, थंड असली की ही चढ्या आवाजात ओरडते, आणि तापली की आवाज खाली येतो, बसतो, पोट भरलेलं माणूस घोरतं तसा. चढा आवाज म्हणजे ती कामाला निघाली. तो मला चालतो. निघाली तर निघाली. पण घरी यायची तेव्हा गाडी तापलेली असायची. तो खालचा आवाज म्हणजे – म्हणून बंद करायचो. बस्स. आणि हे तुम्हाला कशाला सांगतोय मी, तुम्ही गाडी बघायला आलात, गाडी बघा.

मग गेलं का इंजिन? स्पष्ट सांगा, मला गोड बोलणं कळत नाही. पुरी तापवल्याशिवाय सांगता येणार नाही – बरोबर आहे, मीही नसतं सांगितलं. आणि बरं निघालं तर नवं ऑइल घालून लांब पळवायची, उभ्या उभ्या नाही. कोण पळवणार, मी? घ्या ही किल्ली. बसा. सीट पुढं आहे, बुटकी होती ती. तुमचे गुडघे कुठं मावणार? ढकला मागं. ढकला म्हटलं ना, खालचा दांडा उचला आणि ढकला.

हं. करा चालू.

माझ्याकडं काय बघताय, सुईकडं बघा. हलली? हलू द्या. चढू द्या. नाही, मी बाहेर जात नाही, इथंच बरा आहे. मोठ्यानं बोला. – उतरतोय. आवाज उतरतोय. बसला. हं, ऐकतोय मी. काही होत नाही मला.

तिकडं बघू नका. बायको आहे. रोज हा आवाज कोपऱ्यावर आला की ती हातातलं टाकून फाटक उघडायला धावायची, पोरीला उतरायला लागू नये म्हणून. तुम्ही आलात ते तिला माहीत नाही. आम्ही बोलत नाही फारसं. बघा, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडलीत. रस्त्याकडं बघतेय. हात ओले आहेत तिचे.

बंद करू नका! आता बंद नका करू. कसं आहे इंजिन? बरं आहे ना? मग टाका गिअर. व्यवहाराचं भाचीशी बोला, मला फोन करू नका. बायकोजवळून हळू न्या, हॉर्न वाजवू नका, काच खाली करू नका. जा. अहो, उभे काय राहिलात – जा.